सफाईमंत्र्यांच्या हाताखाली

वर्धा स्टेशनात गाडी थांबते तेव्हा अजून उजाडलेलं नाही. डिसेंबर १९४९. तुमच्या हातात एक ट्रंक, खांद्यावर वळकटी आणि अंगात इतक्या गरम कपड्यांचा थर की हमालाला तुमची दया येते. तुम्ही चोवीस वर्षांच्या आहात, बर्मिंगहॅमच्या, क्वेकर घरातल्या. युद्धात तुमच्या शहरावर बाँब पडले, घरात साखर आणि मांस अजूनही रेशनवर मिळतं. १९३१ साली गांधी तुमच्या शहरातल्या वुडब्रुक कॉलेजात येऊन राहून गेले होते, त्या आठवणी ऐकत तुम्ही मोठ्या झालात. आणि आता मुलांसाठी काहीतरी करायचं म्हणून इथे आला आहात. काय करायचं, ते तुम्हाला नीट सांगता येत नाही.

खरं तर हे रूप घेऊन तुम्ही आला आहात पुढून, आमच्या काळातून. हे गाव आज मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडतं आणि त्याची राजधानी नागपूर आहे. महाराष्ट्र नावाचं राज्य अजून दहा वर्षं दूर आहे. हे तुम्हाला ठाऊक आहे, टांगेवाल्याला नाही. पुढचं कुणाला सांगायचं नाही, एवढीच या प्रवासाची अट.

टांगा सेवाग्रामच्या पाच मैलांच्या रस्त्याला लागतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कुठे तुरी उभ्या, कुठे कापूस फुटून पांढरा झालेला. बायका ओटीत कापूस वेचत चालल्या आहेत. मग कवेलूंची उतरती छपरं, मातीच्या भिंती, बांबूच्या ताट्या आणि एक पिंपळ. हा पिंपळ गांधींनी १९३६ साली लावला, ते इथे राहायला आले त्या वर्षी. १९४६च्या ऑगस्टमध्ये ते इथून दिल्लीला गेले आणि परत आलेच नाहीत.

तुम्ही येता तेव्हा सेवाग्राम पाहुण्यांनी भरलेलं आहे. जगभरातल्या शांततावाद्यांची परिषद इथे चालू व्हायची आहे. तिचा पहिला भाग महिन्याच्या सुरुवातीला शांतिनिकेतनात झाला, दुसरा २४ ते ३१ डिसेंबर इथे. ही परिषद गांधींच्या उपस्थितीत व्हायची होती. ते राहिले नाहीत, तरी ती भरली, राजेंद्रप्रसाद अध्यक्ष. आठवडाभर तुम्ही पाहुण्यांची अंथरुणं-पांघरुणं मोजता, कागद वाटता, चर्चा ऐकता. एक जानेवारीनंतर टांगे वर्ध्याकडे परत फिरू लागतात. तुमची ट्रंक मात्र तिथेच राहते. गांधींची हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना चालवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेत राहायची तुम्हाला परवानगी मिळाली आहे.

इथे थोडं थांबून बोलायला हवं. आमच्या काळात परदेशातून मुलामुली आपल्या देशात येतात, दोन-तीन आठवडे एखाद्या बालगृहात राहतात, मुलांना कडेवर घेतात, गाणी शिकवतात, फोटो काढतात आणि निघून जातात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्या मुलाला आधीच कुणी सोडून गेलेलं आहे, त्याला दर महिन्याला नवी ताई भेटते आणि दर महिन्याला ती जाते. याचं मला फार वाईट वाटतं, रागही येतो. म्हणून मी तुम्हाला अशा जागी आणलं आहे जिथे मुलं तुमची वाट बघत बसलेली नाहीत. त्यांना कामं आहेत.

पहाटे चारच्या सुमारास घंटा होते. बाज अंगाखाली करकरते. थंडी अशी की बादलीतल्या पाण्यात हात घालायला धीर होत नाही. तांब्याने अंगावर पाणी घ्यायचं, तेही भराभर. खादीचं जाड लुगडं तुमच्या कमरेवर टिकत नाही. पहिल्या दिवशी ते प्रार्थनेच्या मैदानातच सुटू लागतं आणि शेजारी बसलेली आठ-नऊ वर्षांची एक पोर डोळे मिटलेलेच ठेवून एका हाताने तुमच्या निऱ्या घट्ट खोचून देते. प्रार्थनेची सुरुवात एका जपानी बौद्ध मंत्राने होते, मग उपनिषद, मग कुराण, मग भजन. तुम्हाला यातलं काही येत नाही. मांडी घालून बसणंही येत नाही. गुडघे पेटतात.

प्रार्थनेनंतर सफाई. आणि इथे तुमची गाठ पडते सफाईमंत्र्यांशी.

ते बारा वर्षांचे आहेत. शाळेच्या आमसभेने त्यांना निवडून दिलेलं आहे. अन्नमंत्री वेगळे, पाण्याचे वेगळे. त्यांच्या पायांत चप्पल नाही, हातात पाळ्यांची यादी आहे आणि यादीत तुमचं नाव कुणीतरी देवनागरीत, थोडं वेडंवाकडं, पण लिहिलेलं आहे. ते तुम्हाला एक फावडं देतात आणि चराच्या संडासाकडे घेऊन जातात. पाहुणी म्हणून सवलत नाही, गोरी म्हणून तर नाहीच. मैल्यावर माती टाकायची, वर पाला, पुन्हा माती. तुम्ही नाक आवळून भराभर मातीचे ढीग ओतता.

“ताई, इतकी माती कायले? पातळ टाका ना. दबून जाते मंग, सडत नाही.”

ते खाली बसतात आणि काही महिन्यांपूर्वीचा, भरून बुजवलेला चर एका बाजूने उकरून दाखवतात. आत काळी, मोकळी, भुसभुशीत माती आहे. तिला वास आहे तो पहिल्या पावसाचा. सोनखत. ते मूठभर उचलून तुमच्या तळहातावर ठेवतात. मग सांगू लागतात: माशी कशी बसते, उघड्यावर गेलं की पोटातले जंत अनवाणी पायातून परत कसे शिरतात, वांग्याच्या वाफ्यात हे खत टाकलं तर काय होतं. तुम्हाला निम्मंच समजतं. पण हा मुलगा जीवशास्त्र, शेती आणि आरोग्य एकाच खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून शिकलेला आहे हे समजायला निम्मं पुरतं. शेकडो वर्षं हे काम ठरावीक जातींच्या माथी मारणाऱ्या समाजात तो ते निवडून येऊन करतो आहे, हे समजायला तुम्हाला आणखी काही महिने लागतील.

मग न्याहारी, मग कताई. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने जो अभ्यासक्रम आखला त्यात दिवसाच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला दिली होती. मातृभाषेला ४० मिनिटं. गणित, संगीत आणि चित्रकला यांना मिळून ४०. कागदावर हे वाचलं की कुणालाही वाटेल, मुलांना कामाला जुंपलं आहे. तुम्हालाही वाटतं. म्हणून त्या ओसरीवर जाऊन बसा.

पोरी-पोरं रांगेत बसली आहेत. प्रत्येकाच्या डाव्या हातात पेळू, उजव्या हातात टकळी. टकळी म्हणजे एक सळई आणि खाली एक चकती, एवढंच. बोटांना राख लावायची, टकळीला पीळ द्यायचा, डावा हात अलगद वर न्यायचा. तुमचा धागा वीतभर येतो आणि तुटतो. पुन्हा येतो, पुन्हा तुटतो. तुम्हाला फ्रेंच येतं, लॅटिन येतं, तुम्ही युद्धात रुग्णवाहिका चालवली आहे आणि तुम्हाला एक धागा काढता येत नाही.

“तुटून रायला,” शेजारची पोर म्हणते. ती प्रार्थनेतलीच. ती तुमचं मनगट धरते, हात किती वेगाने वर न्यायचा ते स्वतःच्या हाताने दाखवते. “अखीन करा.”

तुम्ही अखीन करता. काही आठवड्यांनी धागा निघतो. जाड, गाठाळ, पण निघतो. आणि मग हिशोब सुरू होतो, कारण इथे सूत काढून भागत नाही, मोजावं लागतं. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत किती फूट? पोरं पाटीवर गुणाकार मांडतात: २,५६०. मग कुणीतरी विचारतं, एवढं सूत सरळ पसरलं तर कुठवर जाईल? मास्तर उत्तर देत नाहीत. सगळे उठतात, दोरी घेऊन रस्ता मोजत निघतात. जवळजवळ अर्धा मैल. परत येताना ओढा लागतो, ओढ्याला पाणी कुठून येतं हा प्रश्न निघतो आणि त्या दिवशीचा भूगोल तिथेच होतो.

संध्याकाळी पोरं ओटणी-पिंजणीचा कचरा झाडतात. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी थापायला बसता. ज्वारीच्या भाकरीला परातीत फिरवायची एक लय असते, ती चुकली की कड फाटते. तुमची फाटते. जेवणात मिरची-मसाला नाही. उकडलेली भाजी, भाकरी, वरण, कधी ताक. अन्नमंत्री पंधरवड्याचा बेत करतात तेव्हा रुपये-आणे-पैचा हिशोब एका बाजूला आणि कुणाच्या पोटात किती डाळ, किती हिरवी भाजी गेली त्याचा दुसऱ्या बाजूला मांडतात. जेवण चवीचं नाही ही तुमची तक्रार तुम्ही मनातच ठेवता. मीही ती इथे तशीच ठेवते. मला ते जेवण आवडलं नसतं.

तुमच्याआधीही परके लोक इथे आले. गांधींच्याही आधी त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेन या गावात येऊन राहिल्या. ज्या झोपडीला आज बापू कुटी म्हणतात ती मुळात त्यांच्यासाठी बांधलेली. पोलंडचा मॉरिस फ्रीडमन हा इंजिनीअर, त्याने धनुष टकळी तयार केली. शिक्षकांना शिकवणाऱ्या मार्जरी साइक्स यॉर्कशरच्या. १९२८ साली मद्रासला मुलींच्या शाळेत आल्या, तमिळ शिकल्या, शांतिनिकेतनात बंगाली शिकल्या आणि आता इथे आहेत. संस्थेचा भार ज्यांच्यावर आहे ते आर्यनायकम् सिलोनचे आणि आशादेवी बंगाली. कलागुरू देवीप्रसाद शांतिनिकेतनात शिकलेले. त्यांच्या वर्गात पोरं गेरूने भिंती रंगवतात आणि बैलांची शिंगं हवी तेवढी लांब काढतात. या सगळ्या मोठ्या माणसांकडे तुम्ही दबून बघता. एवढं दबू नका. त्यांनाही कधीतरी कुणीतरी टकळी धरायला शिकवलं आहे.

२६ जानेवारीला प्रजासत्ताक होतं. झेंडा, प्रभातफेरी, गूळ. त्यानंतर काही दिवसांनी, अंधार पडता पडता, एक माणूस तुमच्या ओसरीसमोर येऊन उभा राहतो. गावातल्या दलित वस्तीतला आहे, शेतमजुरी करतो. ज्या पोरीने तुमच्या निऱ्या खोचल्या तिचा बाप.

“बाई, माह्या पोरीले इंग्रजी शिकवता का?”

तुम्हाला आधी आनंदच होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तुम्हाला येणारी गोष्ट मागितली आहे. मग आठवतं: या शाळेत सात ते चौदा वर्षांच्या मुलांना इंग्रजी नाही. मुद्दामच नाही. मॅट्रिकपर्यंतचं ज्ञान, त्यातून इंग्रजी वजा आणि त्यात हस्तोद्योग अधिक, हे तर या तालमीचं सूत्र. तुम्ही ते समजावून सांगायचा प्रयत्न करता. मोडक्या हिंदुस्तानीत सांगता की सूतही शिक्षणच आहे, हातातून बुद्धी वाढते.

तो शांतपणे ऐकून घेतो.

“कापड तं माहा बाप इनत होता. त्याच्या बापानंबी इनलं. त्यायले कोनी मास्तर नाही म्हनलं. बाबासायेब इंग्रजी शिकले म्हनून सायेब झाले ना?”

यावर तुमच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. नागपूरच्या आसपासचे महार पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं कापड विणत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरण्यांचं कापड बाजारात उतरलं आणि मागांची खटखट हळूहळू बंद पडत गेली. ज्याच्या घरातून माग गेला त्याला तुम्ही टकळी देता आहात. ज्या ब्राह्मण पोराच्या हाताला घरात कधी कष्टाचं काम लागलं नाही, त्याला ही तालीम माणसात आणते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. या माणसाच्या पोरीला ती काय देते, हा प्रश्न निराळा आहे आणि तो विचारायचा त्याला हक्क आहे. तुम्हाला हेही ठाऊक आहे की १९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोक बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतील आणि त्या गर्दीत बहुधा हा माणूस असेल, कडेवर नातू घेऊन. पण अट आठवते ना? बोलायचं नाही.

तुम्ही शिक्षकांच्या बैठकीत प्रश्न मांडता. मतं पडतात, वाद होतो, शाळेचा नियम बदलत नाही. शाळेबाहेरचा वेळ तुमचा, एवढं मात्र कुणीतरी म्हणतं.

मार्चनंतर ऊन चढतं. हे ऊन तुम्हाला कुणी आधी सांगून खरं वाटलं नसतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी वाऱ्याच्या झळा भिंतीतून आत येतात, विहिरीचं पाणी खोल जातं. सकाळी लवकर शाळा, दुपारी सगळं गाव आडोशाला. रात्री बाजा अंगणात येतात. पोरं झोपता झोपता नक्षत्रं दाखवतात. साप निघतात. मारायचे नाहीत, लाकडी चिमट्याने धरायचे आणि लांब नेऊन सोडायचे. तुमच्या अंगावर घामोळं उठतं आणि तुम्ही घरी पत्र लिहिता ते तीन ओळींचं.

मग जूनमध्ये पाऊस. काळी माती चिखल होऊन पायाला अशी धरते की चप्पल आत आणि पाय वर. टांगा बंद, वर्ध्याला जायचं तर दमणी, तीही मिळाली तर. तिफणीमागे बायका सरकी पेरत जातात, पुढे डवरणी, मग निंदण. शाळा शेतात जाते आणि तुम्ही तिच्या मागे. कमरेत वाकून तण उपटताना तुमच्या लक्षात येतं की गेले काही दिवस तुम्ही आपण काय देतो आहोत याचा विचारच केलेला नाही. तण फार आहे.

आणि श्रावण लागता लागता हिवताप. एक दिवसाआड थंडी भरते, दात वाजतात, मग अंग भाजतं, मग घाम. तुम्हाला डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या कस्तुरबा दवाखान्यात आणून टाकतात. कुनैनने कान गुणगुणतात. दुपारी डोळे उघडता तर ती पोर उशाशी बसलेली आहे, हातात तुमची औषधाची बाटली.

“ताई, हे काय लिवलं हाय?”

लेबल इंग्रजीत आहे. तुम्ही वाचून दाखवता. ती मान हलवते. वाचून नको आहे तिला. हे अक्षर कोणतं, हे कोणतं, ते एकसारखं दिसतं तरी इथे वेगळं का बोललं. तिच्या आईला मागच्या वर्षी बाटली मिळाली होती आणि घरात कुणाला कळलं नव्हतं, किती घ्यायचं. तुम्ही उठून बसता. पाटी नाही, म्हणून ती दवाखान्याच्या दारातल्या ओल्या मातीत काडीने क्यू काढते, त्याची शेपटी चुकीच्या बाजूला जाते, पुसते, पुन्हा काढते. आता “अखीन करा” म्हणायची पाळी तुमची. त्यानंतर ती रोज संध्याकाळी येते. बाटलीवरची अक्षरं संपतात तेव्हा वर्धा स्टेशनची पाटी, मग मनीऑर्डरचा फॉर्म, मग आगपेटी. तिचा बाप एकदा कुंपणापलीकडून बघतो, काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी चार कणसं पाठवून देतो.

श्रावणाच्या अवसेला पोळा. गावातले बैल धुतले जातात, शिंगं रंगतात, पाठीवर झुली, तोरणाखाली रांग लागते आणि तोरण तुटल्यावर एकच धूळ. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. ही विदर्भाची खास रीत. लाकडाचे बैल, त्यांना चाकं, गळ्यात घुंगरू आणि मालक पाच-सहा वर्षांचे. नवे कपडे घालून ते आपापले बैल ओढत दारोदार फिरतात. ज्या घरी बैल येतो त्या घराने बोजारा द्यायचा असतो, पैसे नाहीतर खाऊ.

तुम्हाला वाटतं, आपल्या खोलीकडे कोण येणार. तुम्ही हात पुसत बाहेर येता तर ओसरीखाली सात-आठ बैल उभे आहेत. सगळ्यात पुढच्याचं एक शिंग मोडलेलं आहे आणि तिथे चिंधी बांधली आहे.

“बोजारा!”

तुम्ही गूळ-मुरमुरे वाटता, प्रत्येकाच्या हातावर एक-एक पैसा ठेवता. मोडक्या शिंगाच्या बैलाचा मालक पैसा उलटा-सुलटा करून बघतो.

“त्या घरी दोन भेटले,” तो म्हणतो. “तुमी एकच काहून देता?”

“काहून म्हंजे? तुह्या बैलाले शिंग एकच हाय, म्हनून एक!”

पोरं खिदळतात. तो मात्र मागे हटत नाही. शिंग मोडलं त्यात बैलाचा काय दोष, असं तो विचारतो, बाकीचे त्याची बाजू घेतात, तुम्ही मुरमुऱ्यांचा हिशोब पुढे करता, कुणीतरी तो हिशोब चूक ठरवतं आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात दारातलं भांडण रंगत जातं.